ग्रिडच्या रेषेवर क्लिक करूनही माप १२० ऐवजी ११९.९९ का येतं?

नवी_पट्टी

ऑटोकॅड या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये २४० × १६० मिमीची एक प्लेट काढतोय. चारही कोपऱ्यांत कडेपासून २० मिमीवर १० व्यासाची भोकं आहेत आणि बरोबर मध्यात ४० × १२ चा स्लॉट, म्हणजे दोन्ही टोकं अर्धगोल. फाइल मेट्रिक टेम्प्लेटवरून उघडली आहे. ग्रिड एफ७ने चालू आहे, चौकोन १० मिमीचे. स्नॅप (कर्सरला ठरावीक अंतराच्या बिंदूंवरच थांबवणारी सोय) मात्र एफ९ने सारखा चालू-बंद करावा लागतो, कारण स्लॉट काढताना कर्सर हव्या त्या जागी थांबतच नाही.

अडलंय ते असं. डाव्या कडेपासून स्लॉटच्या मध्यापर्यंत १२० यायला हवं, डिस्ट कमांड ११९.९८७१ सांगते. झूम केलं की चौकोनांचा आकार बदलतो, मग एक चौकोन नेमका किती मिमीचा ते कळत नाही. बरंच जवळ गेलं की कर्सर एकदम पाच-पाच चौकोन उडी मारतो. आणि स्लॉटच्या आत हॅच (रेषांची भरण) द्यायला गेलं तर सीमा बंद नाही म्हणून नकार मिळतो, डोळ्यांना सगळं जोडलेलं दिसत असूनही.

ग्रिड आणि स्नॅप दोन्हींचं अंतर १० आहे. मग चुकतंय कुठे?

टी_स्क्वेअर

ग्रिड ही फक्त डोळ्यांसाठी आहे. ती कर्सरला कुठेही धरत नाही. धरतो तो स्नॅप. एफ७ चालू आणि एफ९ बंद असेल तर तुम्ही ग्रिडच्या रेषेवर नव्हे, रेषेच्या आसपासच्या एखाद्या पिक्सेलवर क्लिक करत असता. ११९.९८७१ हा आकडा तिथूनच आला. स्लॉटसाठी स्नॅप बंद केला आणि पुढचे दोन-तीन बिंदू तसेच नजरेच्या अंदाजाने पडले.

आता स्लॉटवर कर्सर का थांबत नव्हता ते बघा. प्लेटचा डावा-खालचा कोपरा ०,० धरला तर भोकांचे मध्य येतात २०,२० आणि २२०,२० आणि २०,१४० आणि २२०,१४० वर. सगळे १०च्या पटीत, म्हणून तिथे काही त्रास झाला नाही. स्लॉटचा मध्य १२०,८०, तोही ठीक. पण रुंदी १२, म्हणजे सरळ कडा वाय ७४ आणि ८६ वर. टोकांची त्रिज्या ६, त्यामुळे कंसांचे मध्य एक्स १०६ आणि १३४ वर. ७४, ८६, १०६, १३४ यांतला एकही १०च्या पटीत नाही. १०च्या स्नॅपवर तो स्लॉट काढताच येणार नाही, कितीही प्रयत्न केला तरी.

स्नॅपचं अंतर ठरवायचा नियम एकच आहे: जे बिंदू क्लिक करायचेत त्यांच्या सहनिर्देशकांचा मसावि काढा. चौकट आणि भोकांसाठी मसावि २० येतो, स्लॉटसाठी २. मापांचा नव्हे, बिंदूंच्या जागांचा मसावि. इथे बरेच जण फसतात. रुंदी १२ आहे म्हणून ४ किंवा ६ चा स्नॅप लावला तर ७४ वर बसणार नाही.

मग सगळीकडे २ च का ठेवू नये, असं वाटेल. ठेवता येईल, पण स्क्रीनकडे बघून. रेखाटनाची जागा १८०० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात ३०० मिमी दिसतंय असं समजा. म्हणजे मिमीला ६ पिक्सेल. २ चा स्नॅप झाला १२ पिक्सेलचा, तो हाताला सहज सापडतो. ०.५ चा स्नॅप ३ पिक्सेलचा होईल आणि शेजारच्याच बिंदूवर क्लिक पडेल. ती चूक अंदाजाने केलेल्या क्लिकपेक्षा वाईट, कारण आकडा ११९.५ असा नीटनेटका येतो आणि संशयही येत नाही. दोन स्नॅप बिंदूंमध्ये निदान १० पिक्सेल राहतील एवढं झूम असल्याशिवाय बारीक स्नॅप लावू नका.

तुमच्या प्लेटसाठी: स्नॅप २० करून चौकट आणि भोकं संपवा. मग मध्यावर झूम करून कमांड ओळीत स्नॅप टाइप करा, एंटर, २, एंटर. आता स्लॉट. डायलॉग उघडायची गरज नाही. लाइन कमांडच्या मध्येच बदलायचं असेल तर कमांडच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह लावून स्नॅप टाइप करा, चालू कमांड न तुटता अंतर बदलतं.

टी_स्क्वेअर

चौकोनांचा आकार बदलण्याबद्दल लिहायचं राहिलं.

डीसेटिंग्ज कमांड द्या, किंवा खालच्या पट्टीवरच्या ग्रिडच्या चिन्हावर राइट क्लिक करून सेटिंग्ज. पहिलाच टॅब स्नॅप आणि ग्रिडचा. त्यात उजवीकडे अ‍ॅडॅप्टिव्ह ग्रिडचा चौकोन आहे आणि त्याखाली ग्रिडच्या अंतरापेक्षा बारीक विभागणी करू देणारा दुसरा. पहिला चालू असेल तर लांब गेल्यावर बारीक रेषा गळतात आणि ठळक रेषाच उरतात. दुसरा चालू असेल तर जवळ गेल्यावर मधे नव्या रेषा उगवतात. किती, ते ठरतं ठळक रेषेच्या आकड्यावर. तो मुळात ५ असतो, म्हणजे दर पाचवी रेषा ठळक. त्यामुळे १०चा चौकोन जवळून २ मिमीचा दिसायला लागतो, पण स्नॅप अजून १०चाच आहे. कर्सर पाच चौकोन उडी मारतो ती यामुळे. उडी बरोबर १० मिमीचीच आहे, चौकोन बदललेत.

यावर दोन मार्ग. बारीक विभागणी बंद करा, मग १०च्या आत रेषा येणार नाहीत. किंवा ठळक रेषेचा आकडा ५ऐवजी १० करा, म्हणजे चौकोन १००, १०, १ असे दशमानात बदलतात आणि डोक्यात हिशोब राहतो. मेट्रिक कामाला १०च ठेवावा असं माझं मत आहे. चौकोन मोजून अंतर ठरवायचं मात्र कधीच नाही. अंतर बघायचं खालच्या सहनिर्देशकांत.

ग्रिडच्या अंतराच्या जागी ० लिहिलं तर ग्रिड आपोआप स्नॅपचं अंतर घेते. स्नॅप २०चा २ केला की ग्रिडही बदलते. स्नॅप सतत बदलावा लागणाऱ्या कामात हे फार उपयोगी पडतं.

काटकोन

वरचं सगळं आडव्या-उभ्या रेषांपुरतं खरं आहे. तिरप्या रेषेला ग्रिड स्नॅप लांबीची हमी देत नाही. १०च्या स्नॅपवर ४५ अंशात एक घर सरकलात तर लांबी १४.१४२ येते. ४५ अंशात बरोबर ५०ची रेषा हवी असेल तर ग्रिड स्नॅपवर तो बिंदू अस्तित्वातच नाही.

त्यासाठी त्याच टॅबमध्ये खाली स्नॅपचा प्रकार बदलून पोलर स्नॅप करा, पोलर अंतर ५ लिहा. एफ९ आणि एफ१० (पोलर ट्रॅकिंग) दोन्ही चालू हवेत. एफ१० बंद असेल तर पोलर स्नॅप काहीच करत नाही. आता कर्सर कोनाच्या दिशेने ५, १०, १५ असा पुढे जातो. ही अंतरं मागच्या बिंदूपासून मोजली जातात, ग्रिडपासून नाही. म्हणून पहिला बिंदू ग्रिडवर नसला तरी लांबी अचूक येते. तोट्याची बाजूही तीच. पहिला बिंदू वाकड्या जागी पडला की पुढचे सगळे तेवढेच वाकडे. पोलर अंतर ० ठेवलं तर तो स्नॅपचं एक्स अंतर वापरतो.

कोनात बसवलेला अख्खा भाग काढायचा असेल, समजा प्लेट ३० अंशात वळलेली आहे, तर पोलर नको. यूसीएस, म्हणजे आपली सहनिर्देशक पद्धत, फिरवा. यूसीएस, झेड, ३०. ग्रिड, स्नॅप, ऑर्थो (फक्त आडव्या-उभ्या रेषा काढू देणारी सोय) आणि टाइप केलेले सहनिर्देशक सगळे त्या कोनात येतात. स्क्रीनही सरळ दिसायला हवी असेल तर प्लॅन कमांड, करंट. काम झालं की यूसीएस, डब्ल्यू. हे परत करायला विसरलं तर पुढचा कोणी त्या फाइलमध्ये ०,० टाइप करेल आणि बिंदू भलतीकडे जाईल.

आणखी एक, जिन्याच्या उभ्या छेदासाठी: एक्स आणि वाय समान ठेवणारी खूण काढा, एक्स २५० आणि वाय १६० लिहा. ऑर्थो लावून एक घर वर, एक घर आडवं, असं क्लिक करत गेलं की १६०च्या चढाच्या आणि २५०च्या पायरीच्या रेषा आकडा टाइप न करता येतात. १० चढांनंतर उंची १६०० आहे का तेवढं तपासा.

नवी_पट्टी

स्लॉट पुन्हा काढला, २च्या स्नॅपवर नीट बसला. अ‍ॅडॅप्टिव्हचा खुलासा तर खूपच कामाचा होता, धन्यवाद.

आता दुसरी फाइल. दुसऱ्याकडून आली आहे, त्यात प्लेटचा कोपरा १३७.४२, ८८.१ वर आहे. ग्रिड आणि प्लेट जुळतच नाहीत. सगळी प्लेट उचलून ०,० वर आणली तर चालेल का? आणि जुन्या फाइलमधल्या वाकड्या बिंदूंचं काय करायचं? मूव्ह करून बघितलं, स्नॅप चालू ठेवून. तरी जाग्यावर येत नाहीत.

शून्यबिंदू

प्लेट उचलू नका. त्या फाइलला दुसरी फाइल एक्सरेफ (बाहेरचा संदर्भ) म्हणून जोडलेली असेल तर सगळं निसटेल. प्लेट जिथे आहे तिथे ठेवून ग्रिडच तिच्याकडे आणा. यूसीएस कमांड द्या आणि मूळबिंदू विचारला की एंडपॉइंट ऑब्जेक्ट स्नॅपने (वस्तूच्या टोकालाच चिकटणाऱ्या स्नॅपने) प्लेटचा डावा-खालचा कोपरा पकडा, मग एंटर. ग्रिड कोपऱ्यापासून मोजायला लागते. दुसरा रस्ता म्हणजे स्नॅपबेस हा चल: त्यात तो बिंदू दिला की स्नॅपची घरं तिथून सुरू होतात, पण टाइप केलेले सहनिर्देशक जुन्याच मूळबिंदूपासून मोजले जातात. दोन्हींचे आकडे एकत्र वापरायचे असतील तर स्नॅपबेस, नाहीतर यूसीएस बरा.

मूव्हने बिंदू का जागेवर येत नाही? मूव्ह वस्तूला दोन क्लिकमधल्या फरकाएवढं सरकवते. स्नॅप चालू असताना दोन्ही क्लिक ग्रिडवर पडतात, म्हणून फरक १०, २० असा पूर्ण येतो. वस्तू मुळात ०.०१३ बाजूला असेल तर सरकल्यावरही ०.०१३ बाजूलाच राहते. इलाज असा: पहिला क्लिक ग्रिडवर नको, एंडपॉइंट स्नॅपने वस्तूच्या खऱ्या टोकावर. दुसरा क्लिक ग्रिड बिंदूवर. आता फरकातच ती ०.०१३ धरली जाते आणि टोक बरोबर बसतं.

एकच टोक वाकडं असेल तर ग्रिप सोपी. रेषा निवडा, टोकाचा निळा चौकोन क्लिक करा, स्नॅप चालू ठेवून जवळच्या घरावर सोडा. टोकाची ग्रिप कर्सर असेल तिथेच जाते, म्हणून ती खरोखर ग्रिडवर येते.

दुरुस्तीआधी चूक दिसायला हवी. युनिट्समध्ये अचूकता ८ दशांशांपर्यंत वाढवा आणि आयडी कमांडने एंडपॉइंट पकडून एकेक कोपरा तपासा. मापरेषेवर विसंबू नका. डिम स्टाइल दोन दशांशांची असेल तर ११९.९९८ सरळ १२० म्हणून छापलं जातं. मापांना राउंड-ऑफ लावलेला असेल तर मोठी चूकही झाकते.

हॅचबद्दल. हॅचमध्ये गॅप टॉलरन्स वाढवला की फट असूनही हॅच बसतो. तसं करू नका, फट तशीच राहते. ती फाइल लेझर कटिंगला गेली की तिथे बाह्यरेषा उघडी आहे म्हणून अडते. कोपऱ्याच्या फटीला फिलेट, त्रिज्या ०, आणि दोन्ही रेषा क्लिक. स्लॉटसारख्या कंस-रेषांना पीएडिट, मल्टिपल, जॉइन, फझ अंतर ०.०५. मग प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्डसमोर येस आहे का बघा. जॉइनने फट बुजते, बिंदू ग्रिडवर येत नाहीत, हे लक्षात ठेवा. मापं महत्त्वाची असतील आणि चार-पाच बिंदू वाकडे असतील तर तो स्लॉट पुसून नव्याने काढणं लवकर होतं.

काटकोन

बिंदू वाकडे पडायचं एक कारण कोणी लिहिलं नाही. ऑब्जेक्ट स्नॅप आणि ग्रिड स्नॅप दोन्ही चालू असतील आणि कर्सरच्या टप्प्यात एखादी वस्तू आली, तर ऑब्जेक्ट स्नॅप जिंकतो. एंडपॉइंट, सेंटर, मिडपॉइंट यांना हे ठीक. पण कायमच्या यादीत निअरेस्टला खूण असेल तर रेषेजवळचा प्रत्येक क्लिक रेषेवरच्या कुठल्याही बिंदूवर चिकटतो, एफ९ चालू असूनही. निअरेस्ट यादीतून काढा. गरज पडेल तेव्हा शिफ्ट धरून राइट क्लिक, तेवढ्यापुरता.

उलट बाजूही आहे. मजकूर ठेवताना, लीडर ओढताना, हॅचसाठी आत क्लिक करताना एफ९ बंदच हवा. ४० × १२ च्या स्लॉटमध्ये २०चा स्नॅप चालू ठेवून आत क्लिक केलं तर कर्सर स्लॉटमध्ये फक्त तीन जागी येतो: १००, १२० आणि १४० वर, वाय ८०. त्यातले दोन थेट कडेवर.

सर्किटवाला

यांत्रिक रेखाटनात ग्रिड ऐच्छिक आहे, सर्किटच्या आकृतीत नाही. कायकॅड या सर्किटच्या प्रोग्रामच्या स्कीमॅटिकमध्ये चिन्हांच्या पिना ५० मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १.२७ मिमीच्या ग्रिडवर बसवलेल्या असतात. कोणी ग्रिड २५ किंवा १० मिल करून चिन्ह थोडं सरकवलं की वायरचं टोक पिनेला टेकलेलं दिसतं, पण जोडलेलं नसतं. नेटलिस्टमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या यादीत, तो दुवा येत नाही आणि बोर्डवर ट्रॅकच नसतो.

ओळखायची खूण: न जोडलेल्या पिनेच्या टोकाला छोटं वर्तुळ राहतं. जोडली की ते जातं. शिवाय ईआरसी (जोडण्यांची तपासणी) चालवली तर पिन किंवा वायरचं टोक ग्रिडवर नसल्याचा इशारा येतो. तो किरकोळ समजून दाबू नका. दुरुस्तीला ग्रिड आधी ५० मिलवर आणा, सगळं निवडा, राइट क्लिक करून वस्तू ग्रिडवर जुळवायची आज्ञा द्या. नंतर वायरी पुन्हा बघा. दोन चिन्हं दोन वेगळ्या बाजूंना सरकून मधली वायर मोडलेली असू शकते.

बारीक ग्रिड स्कीमॅटिकमध्ये फक्त मजकुरासाठी लावा आणि लगेच ५०वर परत या. एन आणि शिफ्ट-एनने ग्रिड पुढे-मागे बदलते, त्यामुळे चुकून बदललेली कळत नाही. खालच्या पट्टीतला ग्रिडचा आकडा बघायची सवय लावून घ्या. बोर्डच्या रेखाटनात मात्र घटक मांडायला मोठी ग्रिड, ट्रॅक ओढायला बारीक, अशी अदलाबदल करणं योग्यच आहे.

टी_स्क्वेअर

ऑटोकॅडमध्येही चुकून दाबलं जाणं हेच सर्वांत मोठं कारण. ऑर्थोचा एफ८ दाबताना शेजारचा एफ९ दाबला जातो. मग कर्सर अडकला, माउस बिघडला असं वाटतं. विशेषतः फाइल मीटरमध्ये असेल आणि स्नॅप १०च राहिला असेल तर कर्सर १० मीटरची उडी घेतो; एका खोलीवर झूम केलेलं असेल तर तो हलतच नाही. नव्या आवृत्त्यांत कमांड चालू असतानाच उडी दिसते, रिकाम्या स्क्रीनवर कर्सर मोकळा फिरतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. दोन्ही वेळी उड्या हव्या असतील तर स्नॅपग्रिडलेगसी १ करा.

ग्रिडचं आणि स्नॅपचं अंतर, त्यांचं चालू-बंद असणं, हे फाइलमध्ये साठतं. ऑब्जेक्ट स्नॅपची यादी तुमच्या संगणकावर. म्हणून दुसऱ्याची फाइल उघडली की त्याचा स्नॅप तुमच्या हातात येतो आणि तुमची ऑब्जेक्ट स्नॅपची यादी तीच राहते. फाइल उघडल्यावर पहिल्यांदा स्नॅप टाइप करून एंटर दाबा. कमांड ओळीत कंसात चालू अंतर दिसतं, तेवढं वाचून एस्केप.

स्वतःसाठी रिकामी फाइल बनवा: स्नॅप तुमच्या कामाचा, ग्रिडचं अंतर ०, ठळक रेषा १०. स्नॅप बंद ठेवूनच ती डीडब्ल्यूटी (टेम्प्लेट) म्हणून जतन करा. चालू ठेवून जतन केली तर प्रत्येक नवी फाइल उडी मारणाऱ्या कर्सरनेच सुरू होईल.

नवी_पट्टी

दोन्ही फाइली झाल्या. आलेल्या फाइलमध्ये निअरेस्टला खूण होतीच, पण ती माझ्याच संगणकाची निघाली. यूसीएस कोपऱ्यावर नेऊन आयडीने बारा बिंदू तपासले, त्यातले तीन वाकडे होते, ग्रिपने बसवले. स्लॉट क्लोज्ड दाखवतोय आणि हॅच गॅप टॉलरन्स ० ठेवून बसला.

एक राहिलं: ही ग्रिड छापून हवी असेल तर?

शून्यबिंदू

ग्रिड कधीच छापली जात नाही, ती फक्त पडद्यावर असते. छापायची असेल तर वेगळ्या लेयरवर एक आडवी आणि एक उभी रेषा काढा आणि अ‍ॅरेने १०च्या अंतराने पसरवा. २४० × १६० साठी उभ्या २५ आणि आडव्या १७. २४ आणि १६ नव्हे, शेवटची कडही मोजावी लागते. लेयरला फिकट रंग, बारीक लाइनवेट, आणि काम करताना तो लेयर लॉक ठेवा. लॉक असला तरी त्या रेषांवर ऑब्जेक्ट स्नॅप चालतो, म्हणून प्लेटवर काम करताना तो फ्रीझ केलेला बरा.